वाटेत अडकलेली सोयरीक

अम्नुआय गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक नसते, तर प्रयोंगमावशीनं त्यांना फोनवरच सोलून काढलं असतं. पण शिक्षकाचा मान म्हणून एक गोष्ट असते. ती फक्त "बरं" म्हणाली, फोन ठेवला, आणि कढईतला लाकडी दांडा असा फिरवला की नारळाच्या दुधाचे शिंतोडे दुकानाच्या छपराला जाऊन लागले.

"काय म्हणाले?" नोपनं विचारलं. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि आत्ता हातातला पाना उगाचच पुसत उभा होता.

"म्हणाले, मागणी घालायला जोडपं पाठवा. नवरा जिवंत, बायको जिवंत, दोघं एका छपराखाली. मी एकटी चालत नाही."

"तू का चालत नाहीस?"

"माझा नवरा रानोंगला जाळी आणायला गेलाय ना. सतरा वर्षं झाली. तेही सांगितलं मी त्यांना. म्हटलं, बहुतेक जाळी मिळाली नाहीत अजून."

"मग?"

"मग ते म्हणाले, मिळाली की दोघं या."

आता खरं सांगायचं तर ही रीत काही गुरुजींनी काढलेली नव्हती. मागणी घेऊन जाणारी वडीलधारी माणसं सुखानं नांदणारी असावीत, म्हणजे त्यांचा गुण नव्या जोडप्याला लागतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. विधवा, सोडलेली, दोन-दोन लग्नं केलेली माणसं त्या दिवशी मागं बसून विडे लावतात. पण बाकीचे लोक वेळ आली की डोळेझाक करतात. गुरुजी करत नव्हते. चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. प्राचुआपकडच्या त्यांच्या गावात लग्नातली तबकं कुठल्या क्रमानं यावीत हे सांगायला लोक त्यांनाच बोलावतात, आणि नाही बोलावलं तरी ते येतात.

मावशीला झोंबलं होतं ते वेगळंच. नोप तिच्या बहिणीचा मुलगा. चार वर्षांचा होता तेव्हा त्याचे आईबाप "संध्याकाळी येतो" म्हणून बोटीनं पलीकडच्या किनाऱ्याला गेले आणि वादळात सापडले. बोट मिळाली, माणसं मिळाली नाहीत. मावशी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. त्या पोराचं नाक पुसण्यापासून त्याला शाळेच्या दारात रडत सोडून स्वतः नारळाच्या झाडामागं उभं राहण्यापर्यंत सगळं तिनं केलं. आणि आता त्याच्यासाठी तोंड उघडायची वेळ आली तर तिचं तोंड चालत नव्हतं. हिला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

गुरुजींच्या मुलीला, पिमला, पळवून आणायचा प्रश्नच नव्हता. ती बेटावरच्या दवाखान्यात नर्स होती, नोपवर तिचा जीव होता, पण तिनं स्वच्छ सांगितलं होतं. "आई गेली तेव्हा बाबांनी वेण्या घालायला शिकून घेतलं. आधी दोरीवर सराव केला, मग माझ्या केसांवर. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. आणि ते नाही म्हणाले तर मी इथली नोकरी सोडून त्यांच्याजवळ जाऊन राहीन." पिम एकदा बोलली की बोलली, बापावर गेलेली.

म्हणून मग मावशीनं जोडपं शोधलं.

चेर्द आणि सुदा. चेर्दकडं नारळ उतरवणारं माकड होतं, थोंग नावाचं, आणि बेटाच्या ह्या बाजूला एका छपराखाली राहणारं, पहिल्याच लग्नाचं, मोकळ्या वेळेचं एवढं एकच जोडपं उरलं होतं. अडचण एकच होती. नऊ वर्षं ती दोघं एकमेकांशी थेट बोलत नव्हती. का, ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. जे बोलायचं ते थोंगला सांगायचं. "ह्यांना सांग, भात निवला." "हिला सांग, मला भूक नाही." थोंग मध्ये बसून शेंगदाणे खायचा आणि संसार सुरळीत चालायचा.

"दोन तास हसून बसायचंय," मावशीनं त्यांना बजावलं. "शेजारी शेजारी. लग्नाच्या फोटोत बसला होतात तसं."

"हिला विचार, फोटोत ती हसली होती का," चेर्द थोंगला म्हणाला.

बोटीनं पलीकडं, तिथून बसनं सात तास. बसवाल्यानं माकड घेतलं नाही. तिथंच मावशीला कळायला हवं होतं.

गुरुजींच्या घरात सगळं शिस्तीत. पाण्याचे पेले एका ओळीत, पितळी तबक पुसलेलं, आणि उकाडा म्हणून पाहुण्यांच्या बाजूला एक उभा पंखा. मावशी रीतीप्रमाणं ओसरीवर बसली, चपलांपाशी. तिथून तिला सगळं दिसत होतं.

"आपण कोणत्या कामानं आलात?" गुरुजींनी विचारलं.

चेर्दनं पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. चांगलं म्हणाला. मग गुरुजी सुदाकडं वळले. "वहिनी, आपलं काय म्हणणं?"

सुदानं सवयीनं डावीकडं मान वळवली, जिथं थोंग बसायचा. तिथं पंखा होता. सुदाला त्यानं काही फरक पडला नाही. ती पंख्याला म्हणाली, "गुरुजींना सांग, पोरगा लाखात एक आहे. आणि ह्यांना सांग, तबक उजव्या हातात धरतात, डाव्यात नाही."

पंखा फिरत फिरत चेर्दकडं गेला.

"हिला सांग," चेर्द पंख्याला म्हणाला, "माझं तबक मी बघतो."

पंखा फिरून सुदाकडं आला. "सांग त्यांना, बघितलंय मी त्यांचं बघणं. छपराचा पत्रा तीन पावसाळे बघतायत."

पंखा बिचारा दोघांकडं आळीपाळीनं तोंड फिरवत राहिला. गुरुजींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग ते उठले, पंखा बंद केला आणि ओसरीवर आले.

"प्रयोंगबाई," ते म्हणाले, "हे जोडपं नाही. हा सरकारी पत्रव्यवहार आहे."

मावशीनं समोरच्या चपला उगाचच एका ओळीत लावल्या.

"मला राग त्याचा नाही," गुरुजी पुढं म्हणाले. "मला वाटलंच होतं. तुमच्या बेटाकडून आमच्याकडं मागणी नीट कधी आलेलीच नाही. मागच्या वेळी तर आम्ही मांडव घालून बसलो होतो. पानं धुऊन ठेवली होती. कुणी आलंच नाही."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?" मावशीनं विचारलं. पिमसाठी ह्याआधी बेटावरून कुणी विचारलं होतं की काय, असं तिला वाटलं.

"ता-मोंगलायच्या वेळी."

मावशीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. गुरुजी चेष्टा करत नव्हते. ता-मोंगलाय हा गोष्टीतला म्हातारा. त्याच्या मुलीला मागणी घालायला ता-क्रेंग आणि याय-रिअम हे आजोबा-आजी आपल्या मुलासाठी बोटीत बसून निघाले, एवढं लहान पोरालाही ठाऊक असतं.

"गुरुजी, त्याला काहीशे वर्षं झाली."

"किती झाली ते मला ठाऊक आहे. मी इतिहास शिकवलाय. आमचं गाव त्याच मोंगलायचं. अजून आमच्याकडं प्रत्येक लग्नात दोन पाट रिकामे ठेवतात, न आलेल्या पाहुण्यांसाठी. आणि त्या पाटांकडं बघून बायका गाण्यात जे काही म्हणतात ते मी आत्ता सांगत नाही."

मावशीचा एवढा वेळ धरून ठेवलेला पारा तिथं चढला. "न आलेले काय म्हणता? अहो ते निघाले होते. बुडाले. दगड होऊन आमच्या किनाऱ्याला लागले. माझ्या दुकानावरून रोज दोन हजार माणूस त्यांना बघायला जातं. आणि जोडपंच हवं ना तुम्हाला? मग ऐका. अख्ख्या बेटावर एकच जोडपं असं आहे, जे कधी भांडलं नाही, कधी वेगळं झालं नाही, एक दिवस एकमेकांपासून हललं नाही. तेच तुमच्याकडं मागणी घालतील. माझ्या नोपसाठी."

हे ती रागात बोलली. रागात माणूस काहीही बोलतं. ऐकणाऱ्यानं सोडून द्यायचं असतं.

गुरुजींनी सोडून दिलं नाही.

"ते येऊ शकतील का?" त्यांनी विचारलं.

"कसे येतील? चिकटलेत ते."

"मग रीतीत सोय आहे. वडीलधारे अडून पडले असतील तर मुलीकडच्यांनी जावं. पुढच्या गुरुवारी, नऊ वाजून नऊ मिनिटांच्या मुहूर्तावर. मी तीन प्रश्न विचारीन. उत्तरं समाधानकारक मिळाली तर सुपारी फुटेल. नाही मिळाली तर मी दुपारच्या बोटीनं पिमला घेऊन परत येईन, आणि हा विषय संपला."

"उत्तरं दगडांनी द्यायची?"

"मागणी त्यांची आहे," गुरुजी म्हणाले. "उत्तरंही त्यांचीच."

परतीच्या बसमध्ये सात तास कुणी बोललं नाही. चेर्द आणि सुदाचा तर प्रश्नच नव्हता.

गुरुवारी सकाळी आठलाच ऊन भाजायला लागलं होतं. मावशीनं कालामेची कढई पहाटेच चढवली होती, कारण लग्न जुळो नाहीतर मोडो, गिऱ्हाईक येतंच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ आटवून काळंभोर चिकट होईपर्यंत सात-आठ तास ढवळावं लागतं, आणि क्षणभर हात थांबला की तळाला लागतं. तिनं एका बाजूला चेर्दला बसवलं, दुसऱ्या बाजूला सुदाला, दोघांच्या हातात एकेक दांडा दिला आणि मध्ये थोंगला.

"करपलं तर तिघांनाही समुद्रात फेकीन," ती म्हणाली.

गुरुजी आले ते पांढऱ्याशुभ्र सरकारी गणवेशात, गळ्यापर्यंत बटणं लावून, छातीवर पदकं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तबक. मागून पिम, निळ्या रेशमी पोशाखात, आणि तिच्या चेहऱ्यावर मावशीला न समजणारी काळजी. वाटेत दोन्ही बाजूंना दुकानं. बनियनं, किल्ल्यांच्या साखळ्या, लाकडी वस्तू. गुरुजींनी मान ताठ ठेवली, डावीकडं नाही, उजवीकडं नाही. त्यामुळं त्या लाकडी वस्तू कशाच्या आकाराच्या आहेत ते त्यांना दिसलं नाही.

आणि मग ते कातळावर पोचले.

आजोबा म्हणजे कातळातून सरळ आभाळाकडं उभा राहिलेला, पुरुषाच्या ज्या भागाचा उल्लेख शाळेत करत नाहीत तो भाग, दोन पुरुष उंच. त्यात शंकेला जागा नाही. आजी थोडी खाली, पाण्याच्या तोंडाशी, आडवी. मध्ये खोल भेग. लाट आत शिरते आणि फुसकारत बाहेर येते. तिथंही शंकेला जागा नाही.

गुरुजी थांबले. छत्री हळूहळू खाली आली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आजोबा," मावशी म्हणाली.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हणजे?"

"डोकं. हात. पाय."

"ते वाहून गेलं असेल, गुरुजी."

गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला. "मी चौतीस वर्षं शिकवलं की दोघं दगड झाले. दोघं. मला वाटायचं बसलेले असतील. तबक घेऊन."

"बाबा," पिम हळूच म्हणाली, "पुस्तकात चित्र नव्हतं."

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना."

मावशीच्या लक्षात आलं की पेचातून सुटायची हीच वेळ आहे, नाहीतर हा माणूस असाच मागं वळून बोट गाठेल. ती घाईनं म्हणाली, "अहो, तुमच्याचसाठी आहे हे सगळं. बुडता बुडता त्यांनी देवाला विनवलं, आम्ही कशासाठी निघालो होतो ते मुलीकडच्यांना कळलं पाहिजे, नाहीतर त्यांना वाटेल आम्ही चाल केली. लग्नाचीच बोलणी करायला निघालो होतो ह्याचा पुरावा ठेव. आता तुम्ही सांगा, ह्याहून स्पष्ट पुरावा कुठला असतो?"

गुरुजींनी आजोबांकडं पुन्हा एकदा पाहिलं. इतिहासाच्या माणसाला पुरावा नाकारता येत नाही.

"स्पष्ट आहे," ते म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

मग त्यांनी कातळावरच्या लोकांना शिस्त लावली. परदेशी पाहुण्यांची एक मोठी टोळी झेंडेवाल्या मार्गदर्शकामागं उभी होती. दोन जाडे गृहस्थ आजोबांच्या शेजारी नको तसं वाकून फोटो काढत होते. गुरुजींनी छत्रीच्या टोकानं त्यांना खूण केली. "मुलाकडचे डावीकडं. बसा." तो आवाज चौतीस वर्षं प्रार्थनेला वापरलेला. सगळे डावीकडं जाऊन मांड्या घालून बसले. एकानं टोपीही काढली. अशा रीतीनं नोपच्या बाजूनं त्रेचाळीस माणसं झाली, आणि त्यातल्या एकालाही आपण कुणाच्या सोयरिकीला बसलोय ते ठाऊक नव्हतं.

गुरुजींनी तबक आजोबा आणि आजीच्या मधोमध ठेवलं, खिशातून कागद काढला आणि वाचलं.

"पहिला प्रश्न. आपण कोण, आणि कोणत्या कामानं निघालात?"

लाट आजीत शिरली, फुसकारून बाहेर आली. टोळीनं टाळ्या वाजवल्या.

"हे उत्तर मी धरत नाही," गुरुजी म्हणाले.

नोप पुढं झाला. "गुरुजी, मी—"

"मुलानं बोलायचं नसतं."

नोप मागं सरला. पिमनं खाली पाहिलं. सगळीकडं नुसतं ऊन आणि पाण्याचा आवाज. मावशीनं दोन्ही दगडांकडं पाहिलं. तिचा नोप, तिची एवढी वर्षं, सगळं ह्या दगडांच्या तोंडी दिलं होतं तिनं, आणि दगडांना तोंड नव्हतं. रागाच्या भरात आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयही राहिली नाही. तेवढ्यात वर दुकानाकडून सुदाचा आवाज आला, "थोंग, ह्यांना सांग, दांडा उलटा फिरवू नका."

मावशी ताडकन पुढं आली आणि आजीच्या अंगाला टेकून बसली. लाटेनं नेसलेली लुंगी भिजली, तिनं बघितलंही नाही.

"आजी म्हणते," ती म्हणाली, "आम्ही ता-क्रेंग आणि याय-रिअम. पोरासाठी तुमची मुलगी मागायला निघालो होतो."

"थांबा," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला मागणी घालता येत नाही. आपलं बोलणं झालंय."

"मी कुठं घालतेय? मागणी ह्यांची. मी निरोप सांगतेय. चेर्दकडं माकड असतं, तुमच्याकडं पंखा होता, इथं मी आहे. माकडाचा नवरा रानोंगला गेला असेल तर रीतीत अडचण आहे का?"

गुरुजींनी डोळे मिटले. डोक्यात सगळे नियम वरपासून खालपर्यंत तपासले असणार.

"निरोप्याला अट नाही," ते शेवटी म्हणाले. "दुसरा प्रश्न. मुलगी आपल्या घरात आली तर तिला कसं वागवाल?"

"आजी म्हणते, मला सून म्हणून येईल आणि लेक म्हणून राहील. आजोबा म्हणतात, त्यांचं ह्यावर वेगळं मत नाही."

टोळीतली एक बाई उगाचच डोळे पुसायला लागली. गुरुजींनी कागदाकडं पाहिलं. तिसरा प्रश्न वाचायला त्यांना वेळ लागला. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता, सगळ्या गावाचा होता.

"तिसरा प्रश्न. आम्ही मांडव घालून बसलो होतो. आपण आला का नाहीत?"

गुरुजींशी वाद घालायचा झाला तर म्हणून मावशीनं ह्याचं उत्तर चांगलं घोकून ठेवलं होतं. त्यात देव होता, नशीब होतं, दोन म्हणी होत्या. तिनं तोंड उघडलं आणि त्यातलं काही आठवलंच नाही.

"वादळ आलं," ती म्हणाली. "निघाले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. मीच म्हटलं, जा, काही होत नाही. संध्याकाळी येतो म्हणाले. मी भात झाकून ठेवला होता. दोघांचा. तिसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला, तरी मला टाकवेना. मग टाकला."

गुरुजींनी कागदावरून मान वर केली. गोष्टीत कुठं भात नव्हता. एवढा इतिहास त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांनी मावशीकडं पाहिलं, मग नोपकडं. नोप खाली मान घालून आपल्याच पायांकडं बघत उभा होता. भाताचं त्यालाही कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"यायचं नव्हतं असं नाही," मावशी म्हणाली. "येता आलं नाही. एवढंच. त्याला कुणाचा इलाज?"

"आणि मुलगा?" गुरुजींनी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"मागं राहिला. दाराशी बसून असायचा."

"मग त्याला कुणी वाढवलं?"

निरोप्यानं स्वतःचं सांगायचं नसतं. मावशी लुंगीचं पाणी पिळायला लागली.

"हिनं," नोप म्हणाला.

मुलानं बोलायचं नसतं. पण ह्या वेळी गुरुजींनी त्याला अडवलं नाही.

त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. मग ते त्या पांढऱ्या इस्त्रीच्या विजारीनिशी ओल्या कातळावर गुडघे टेकून बसले, आणि आजोबा-आजीसमोर हात जोडले. कुठल्या भागासमोर आपण हात जोडतोय ह्याचा त्यांना आता काही संकोच उरला नव्हता.

"आम्हाला वाटलं तुम्ही आमचा अपमान केलात," ते म्हणाले. "आम्ही एवढी वर्षं रुसून बसलो. लग्नाच्या गाण्यांत तुम्हाला शिव्या घातल्या. मी त्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेतल्या, चालीसकट. चुकलं आमचं. उशीर झाला तर झाला. आम्ही वाट बघतच होतो."

तेवढ्यात मोठी लाट आली. आजीच्या भेगेतून ती अशी काही फुसांडली की गुरुजी पदकांसकट न्हाऊन निघाले. टोळी उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी तोंड पुसलं, वाहून निघालेलं तबक पकडलं, अडकित्ता काढला आणि सुपारी फोडली. पिमनं बाबांची छत्री उचलून घेतली. नोप तिच्याकडं धावला आणि अर्ध्या वाटेत, सगळ्यांसमोर काय करायचं ते न कळून, नुसताच उभा राहिला.

अर्धी सुपारी गुरुजींनी आजीच्या पुढ्यात ठेवली. पुढच्या लाटेनं ती आत नेली. उरलेली अर्धी त्यांनी मावशीपुढं धरली.

"निरोप्याला सुपारी देतात का?" मावशीनं विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "निरोप्याला देत नाहीत."

हात त्यांनी मागं घेतला नाही. मावशीनं पदकांकडं पाहिलं, गळणाऱ्या बाह्यांकडं पाहिलं, आणि मग ओले हात लुंगीला पुसून ती अर्धी सुपारी घेतली.

"लग्नात दोन पाट असतात आमच्याकडं, सांगितलं ना मी तुम्हाला," गुरुजी म्हणाले. "ह्यांना काही जमणार नाही यायला. आजीच्या पाटावर तुम्ही बसा. आजोबांचा राहू दे रिकामा. जाळी मिळाली कुणाला तर बघू."

मुठीतली सुपारी मावशीनं इतकी घट्ट धरली होती की तळहाताला टोचत होती. वरच्या बाजूनं चेर्द आणि सुदाचं कडाक्याचं भांडण ऐकू यायला लागलं. "तू ढवळ." "तुम्ही ढवळा." मधलं "सांग" गळालं होतं. थोंग कालामे लागलेली बोटं चाटत केव्हाच खाली येऊन टोळीत बसला होता.

गुरुजींनी वाऱ्यावर नाक वर केलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुमचं काहीतरी करपतंय."

"करपू द्या," मावशी म्हणाली, आणि आजीला टेकून बसली ती तशीच बसून राहिली.